टण्ण आणि थप्प

कारंज्यात उंबराला दुहेरी संरक्षण आहे. नृसिंह सरस्वतींचं हे जन्मगाव, त्यामुळे दत्तभक्तांच्या लेखी औदुंबर म्हणजे साक्षात दत्ताचं ठाणं. त्याला प्रदक्षिणा घालायच्या, त्याच्या पारावर पोथी वाचायची. त्याचं फळ तोंडात टाकावं असं कोणाच्या मनातही येत नाही. दुसरीकडे याच गावाला जैनांची काशी म्हणतात. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ अशा तिन्ही परंपरांची मंदिरं इथे आहेत, आणि श्रावकाला वड, पिंपळ, उंबर, पाकर, कठूमर ही पाच फळं वर्ज्य, कारण त्यांच्या पोटात जिवांची वस्ती असते. म्हणजे गावातला एक माणूस देव आहे म्हणून उंबराला हात लावत नाही आणि दुसरा जीव आहेत म्हणून. उंबर मजेत आहे. पाखरं सोडली तर त्याच्या वाटेला कोणी जात नाही.

या गावात झाडाला मान हवा असेल तर असं काही तरी पाठबळ लागतं. बेलाला महादेव आहे. तुळशीला विठ्ठल आहे. आवळ्याला कार्तिकातलं आवळीभोजन आहे आणि त्यानंतर वर्षभर च्यवनप्राशवाले आहेत. कडुनिंबाला पाडव्याच्या सकाळी का होईना, घरोघरी तोंड वाकडं करून सन्मानाने खाल्लं जातं.

कवठाला मात्र कोणी नाही. तसा त्याचा वशिला लहान नव्हता. गणपतीच्या ध्यानाच्या श्लोकात तो कवठं आणि जांभळं आवडीने खातो असं स्वच्छ सांगितलं आहे. हा श्लोक पाठ नसलेलं मूल आपल्याकडे शाळेत जात नाही. तरीही भाद्रपदात देवापुढे मोदक ठेवले जातात आणि ते कोण खातं हेही सगळ्यांना माहीत आहे. बचाव असा की भाद्रपदात कवठ हिरवं असतं. हिरवं असतं हे खरंच, पण पिकल्यावर तरी कोणी नेऊन ठेवतं का?

आमच्या घरामागे कवठाचं एक जुनं झाड आहे. त्यामुळे वर्षभर माझी ओळख ‘ते, दगडी फळवाले’ अशी असते आणि वर्षातून एकच दिवस ‘साहेब’ अशी. त्या दिवसाकडे मी येणारच आहे.

आधी घराणं पाहू. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने कवठ हे रुटेसी कुळातलं, म्हणजे लिंबू, संत्रं, बेल आणि कढीपत्ता हे सगळे त्याचे भाऊबंद. लिनियसने १७६२ साली त्याला लिमोनिया ॲसिडिसिमा असं भारदस्त नाव दिलं आणि पुढे काही केलं नाही. आता या भाऊबंदांची आजची परिस्थिती बघा. बेल देवळात चिकटला. लिंबू गाडीच्या चाकाखालपासून भातावरच्या वरणापर्यंत सगळीकडे आहे. कढीपत्त्याने फोडणीत कायमची नोकरी धरली. ताटात आल्यावर त्याला सगळे बाजूला काढतात, पण नोकरी नोकरीच. आणि संत्रं! संत्र्यासाठी नागपुरात केंद्र सरकारची लिंबूवर्गीय फळांची अख्खी संशोधन संस्था आहे. २०१४ साली नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं. संत्र्यावर गळ आली की मोर्चा निघतो, पंचनामे होतात, विधानसभेत आवाज चढतो. कवठाची गळ झाली तर आमच्या मागच्या टिनावर आवाज होतो, बस.

तो आवाज रात्री अडीच वाजता ऐकण्याची मजा वेगळीच. लाकडी कवचाचं फळ वीस-पंचवीस फुटांवरून पत्र्यावर येतं, तिथून घरंगळतं, पन्हाळीशी क्षणभर थांबतं आणि मग शेजाऱ्यांच्या हद्दीत जाऊन पडतं. पाहुणे आले असले तर ते उठून बसतात. आम्ही कूस बदलून एवढंच म्हणतो, “पिकलेलं होतं.” आवाजावरून कळतं. ते कसं, तेही येतंय पुढे.

झाड माझ्या वडिलांनी लावलं. शकुंतला तेव्हा वाफेवर चालायची. नवीन पिढीसाठी सांगायला हवं की शकुंतला म्हणजे मूर्तिजापूर ते यवतमाळ ही आमची नॅरोगेज, वाटेत कारंजा. देश स्वतंत्र झाला तरी तिची मालकी एका खासगी कंपनीकडेच राहिली, आणि १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेलं इंजिन तिने १९९४पर्यंत ओढलं, की इंजिनाने तिला ओढलं, यावर गाडीतल्या गाडीत चर्चा व्हायच्या. एकशे तेरा किलोमीटरचा प्रवास. लोक मध्ये उतरून शेतातून हरभरा उपटून आणायचे आणि पुन्हा त्याच डब्यात बसायचे, असं जुनी माणसं छातीवर हात ठेवून सांगतात. अशा गाडीवर वाढलेल्या गावाला कवठाची घाई असण्याचं कारण नव्हतं. बियांपासून लावलेलं कवठ फळाला यायला दहा-पंधरा वर्षं घेतं. वडिलांनी ते शांतपणे घेऊ दिलं. मधल्या काळात त्यांनी घराला दोनदा रंग दिला, एका मुलीचं लग्न केलं आणि झाडाकडे बघून रोज सकाळी दात घासले.

माझी गोष्ट वेगळी. मी समृद्धी महामार्गाच्या काळातला माणूस. २०१५ साली महामार्गाची घोषणा झाली, त्याच पावसाळ्यात मी शेताच्या बांधावर वडिलांच्या झाडाची एक बी लावली. बी रुजायला काही त्रास नाही. गर धुऊन टाकला की काही आठवड्यांत कोंब येतो. कोंब आला, दोन पानं आली, आणि मग झाडाने विश्रांती घेतली. खड्ड्यात माती लोटत होतो तेव्हाच शेजारच्या वावरातले भाऊ धुऱ्यावर येऊन उभे राहिले होते.

“काय लावून राह्यले?”

“कवठ.”

“कवठ? काहून बाप्पा, संत्र्याले काय धाड भरली व्हती?”

मी काही बोललो नाही. ते बसले. तंबाखू मळली.

“कधी फळन हे?”

“बियाचं आहे. दहा-पंधरा वर्षं लागतील.”

त्यांनी रोपाकडे पाहिलं, मग माझ्या केसांकडे पाहिलं, पुन्हा रोपाकडे पाहिलं.

“मंग लवकर लावाचं असते न.”

११ डिसेंबर २०२२ रोजी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला. तेव्हा माझं कवठ माझ्या खांद्याला लागत होतं. ५ जून २०२५ रोजी महामार्ग मुंबईच्या दाराशी पोचला. पूर्ण ७०१ किलोमीटर. कवठाला तेव्हा काटे अतिशय उत्तम आले होते. गाड्या ताशी एकशे वीसच्या वेगाने कारंज्याजवळून जातात आणि बांधावरचं झाड आपल्या मर्जीने वर्षाला वीतभर वर सरकतं. कलम लावलं असतं तर तीन-चार वर्षांत फळ दिसलं असतं, हे मला आजवर निरनिराळ्या माणसांनी सांगितलं आहे. त्यांतल्या एकाच्याही शेतात कवठाचं कलम नाही.

सल्ल्याचा हा विषय निघालाच आहे तर सांगतो. संत्रं लावणाऱ्या माणसाला लोक भाव विचारतात. कवठ लावणाऱ्या माणसाला कारण विचारतात. एकाने सांगितलं, घराजवळ हे झाड असलं की घरात भांडणं होतात. आमच्या घरातली भांडणं त्याने ऐकलेली असल्यामुळे मला प्रतिवाद करता आला नाही. एकाने विचारलं, अनुदान आहे का? नाही म्हटल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे दुःख पसरलं ते मी नातेवाइकांच्या मयतीतही पाहिलेलं नाही. एका मित्राने हिशेब मांडून दाखवला की तेवढ्या जागेत सोयाबीनची एक ओळ बसली असती. बसली असती, आणि ती रोह्यांनी खाल्ली असती.

कारण आमच्याकडे पीक पेरणं सोपं, राखणं कठीण. जवळच कारंजा-सोहोळचं काळवीट अभयारण्य आहे, २००० साली जाहीर झालेलं, सुमारे अठरा चौरस किलोमीटरचं. ही हद्द नकाशावर अगदी ठळक आखलेली आहे. काळविटांना नकाशा दाखवण्याची तरतूद मात्र राहून गेली. हरणं येतात, रोही येतात, रानडुकरं येतात. तूर, हरभरा, सोयाबीन असं पाळीपाळीने जेवून जातात. कवठाच्या फांदीशी एकदा तोंड नेलं की पुन्हा कोणी येत नाही. प्रत्येक पानाच्या बगलेत सरळ, टोकदार, बोटभर काटा. कोवळ्या वयात शेळी तेवढी धोक्याची. तिला काटे हे तोंडी लावणं वाटतं. म्हणून रोपाला बोरीच्या काट्यांचं कुंपण करावं लागतं. काट्यांच्या झाडाला काट्यांचं कुंपण करताना बघून धुऱ्यावरचे भाऊ पुन्हा येऊन बसले होते, पण या वेळी त्यांनी फक्त तंबाखू मळली.

आणखी एक पाहुणा असतो. लिंबावर अंडी घालणारं काळं-पिवळं फुलपाखरू कवठालाही आपलंच समजतं, कारण घराणं एकच. त्याची अळी लहानपणी पक्ष्याची शीट असल्याचं सोंग घेऊन पानावर बसते. सोंग इतकं हुबेहूब की माझ्या बायकोने कितीतरी दिवस तिच्याकडे दुर्लक्ष केलं आणि आकाशाकडे बघून कावळ्यांना नावं ठेवली. कवठाचं पान चुरगाळलं की बडीशेपेचा वास येतो, हे मी आल्यागेल्याला हौसेने दाखवतो. माणसं वास घेतात, मान डोलावतात आणि विचारतात, “मग याची बडीशेप होते का?”

आता फळ. टेनिसच्या चेंडूएवढं, राखाडी-पांढरं, खरखरीत, आणि वरून बघून आत काय चाललंय याचा कणभर पत्ता लागू न देणारं. आंबा रंग बदलतो, पेरू वास सोडतो, सीताफळ डोळे उघडतं. कवठ फुलोऱ्यापासून पिकेपर्यंत दहा-अकरा महिने घेतं आणि त्या सगळ्या काळात त्याच्या चेहऱ्यावरची रेषा हलत नाही. त्यासाठी आपल्या पूर्वजांनी एक परीक्षा शोधून काढली, तिला प्रयोगशाळा लागत नाही, फरशी लागते. फळ हातभर उंचीवरून सोडायचं. टण्ण आवाज करून उसळलं तर कच्चं. थप्प करून जागीच बसलं तर पिकलं. विज्ञान एवढंच आहे की पिकलेला गर मऊ होऊन कवचापासून सुटतो आणि आदळण्याचा जोर आतल्या आत पिऊन टाकतो. माझ्या मते कितीतरी ठिकाणी ही परीक्षा लावता येईल, पण तो विषय आज नको.

बाजारात मात्र ही परीक्षा चालू देत नाहीत. टोपलीवाल्या बाई डोळ्यांत तेल घालून बसलेल्या असतात. “आपटून नोका पाहू साहेब, फुटलं तं घ्या लागन.” मग गिऱ्हाईक कानाशी नेऊन हलवून बघतं. आतून आवाज आला तर पिकलं, असं काहींचं मत. आवाज आला तर वाळलं, असं इतरांचं. मी दोन्ही बाजूंची माणसं तितक्याच आत्मविश्वासाने कच्चं कवठ घरी नेताना पाहिली आहेत. घरी आल्यावर ते तुरीच्या कुटारात किंवा धान्याच्या कोठीत दडपून ठेवायचं आणि विसरून जायचं. विसरणं महत्त्वाचं. रोज काढून आपटणाऱ्याचं कवठ पिकायच्या आधी फुटतं.

फोडणं हा तर स्वतंत्र संस्कार आहे. संस्कृत पंडितांनी हत्तीने खाल्लेल्या कवठाचा एक न्यायच करून ठेवला आहे: हत्ती कवठ अख्खं गिळतो, ते अख्खंच बाहेर पडतं, आणि फोडून बघावं तर आतला गर नाहीसा. संपत्ती कशी न सांगता निघून जाते याचा तो दृष्टान्त. कारंज्यात हत्ती नसल्यामुळे आम्हाला बत्ता वापरावा लागतो, आणि संपत्ती त्याही वाटेने जातेच. गर भिंतीवर उडतो. उंबरठ्यावर आपटायला आजीची बंदी, तिथे लक्ष्मी. पाट्यावर आपटायला आईची बंदी, पाट्याला चीर जाते. दाराच्या फटीत धरून दार लावायचं, ही युक्ती प्रत्येक घरात एका मुलाला आपोआप सुचते आणि त्याच दिवशी बिजागरी निखळते. शेवटी मागच्या दगडावर, एका ठरलेल्या माणसाच्या हातून हे काम होतं. आमच्या घरात तो मान थोरल्या काकांचा. ते फळ डाव्या हातात फिरवत, नेमक्या रेषेवर ठोकत जातात आणि दोन वाट्या अलगद वेगळ्या करतात. बाकी आयुष्यात त्यांनी काय केलं, याची घरात फारशी नोंद नाही.

फोडल्यावर पहिल्यांदा बघणारा माणूस हमखास म्हणतो, “अरे, हे तर सडलं!” तपकिरी, चिकट, दोऱ्यांनी भरलेला, बियांनी खचलेला गर. उत्तम पिकलेलं कवठ आणि पूर्ण बिघडलेलं कवठ यांत दिसण्यापुरता फारसा फरक नसतो. फरक नाकाला कळतो, तोही अनुभवी. पिकलेल्याला आंबूस-गोड, थेट डोक्यात जाणारा वास असतो. एक फळ स्वयंपाकघरात ठेवलं तर दुसऱ्या दिवशी दिवाणखान्यात कळतं. आमच्या गावाला वासाचं वावडं असण्याचं कारण नाही. हे कस्तुरीचं कारंजा. गोष्ट अशी सांगतात की कस्तुरीने लादलेले उंट घेऊन एक व्यापारी गावोगाव हिंडत होता, एवढा माल घेण्याची कोणाची ऐपत नव्हती. कारंज्याच्या एका सावकाराने तो सगळा घेतला आणि हवेलीचं काम चाललं होतं तिथल्या गाऱ्यात ओतायला सांगितला. कस्तुरी चिखलात कालवणाऱ्या गावाने कवठाला नाक मुरडावं हे बरं दिसत नाही. पण मुरडतात.

खाण्याकडे वळू. आमच्या वऱ्हाडात कवठाची चटणी म्हणजे गर, गूळ, तिखट, जिरं, मीठ, आणि हे सगळं पाट्यावर. वाटताना बिया राहू द्यायच्या. त्या दातांखाली कुरकुरल्या पाहिजेत. माझी बायको सांगलीची. तिच्या म्हणण्याप्रमाणे कवठावर बोलायचा अधिकार मुळात त्यांच्याकडच्या लोकांचा, कारण त्यांच्या जिल्ह्यात तालुक्याचं नावच कवठे महांकाळ आहे, शिवाय कवठे एकंद आहे, कवठे पिरान आहे. तुमच्याकडे काय आहे? ती चटणीत बिया ठेवत नाही, वरून फोडणी घालते. फोडणी घातलेल्या कवठाच्या चटणीला माझी आई चटणी म्हणत नाही. ती काय म्हणते ते मी इथे लिहिणार नाही. या दोघींच्या मध्ये बसून मी दोन्ही चटण्या खातो, दोन्हींना तेवढीच मान डोलावतो, आणि डोलावण्याचा कोन दोघीही मोजतात.

सांगलीचा खरा हुकमाचा पत्ता मात्र वाडीची बर्फी. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरची नृसिंहवाडी. दत्ताच्या दर्शनाला गेलेला माणूस येताना बासुंदी, पेढे आणि कवठाची बर्फी घेतल्याशिवाय परतत नाही. कवठाचा गर आणि साखर आटवून केलेली, आंबटगोड, तपकिरी बर्फी. आता योग बघा. ज्या नृसिंह सरस्वतींच्या नावाने ती वाडी ओळखली जाते, ते १४व्या शतकात जन्मले आमच्या कारंज्यात. जन्मल्यावर रडण्याऐवजी ॐकार उच्चारला, मुंजीपर्यंत दुसरा शब्द बोलले नाहीत, मग चारी वेद म्हणून दाखवले आणि तीर्थाटनाला निघून गेले. बारा वर्षं वाडीला राहिले, पुढे गाणगापूरला गेले. गुरू आम्ही दिले, बर्फी वाडीने केली. सासूबाई दरवर्षी एक डबा आठवणीने पाठवतात आणि फोनवर आवर्जून विचारतात, “कारंज्याला मिळतात का हो कवठं?” मी मागच्या टिनाकडे बघत ‘मिळतात’ म्हणतो.

जगात तर याहून पुढे गेलेले लोक आहेत. श्रीलंकेत कवठाचा गर नारळाच्या दुधात घोटून पितात आणि बाटलीबंद जॅम विकतात. जावा बेटावर रेंबांग नावाच्या गावी कवठाचं सरबत एवढं प्रसिद्ध आहे की त्याला जावाचा कोला म्हणतात. ओडिशातले पटचित्रकार रंग पक्का बसावा म्हणून याच झाडाचा डिंक कालवतात. आमच्या बाजार समितीच्या फलकावर सोयाबीन, तूर आणि हरभऱ्याचे भाव खडूने लिहिलेले असतात. कवठासाठी खडू झिजवल्याचं मी पाहिलेलं नाही.

प्रयत्न झाले नाहीत असं नाही. गल्लीतल्या एका निवृत्त गुरुजींनी जेलीचा उद्योग मनावर घेतला होता. कवठात पेक्टिन भरपूर, म्हणजे साखरेबरोबर उकळलं की जेली आपसूक धरते. पूर्ण पिकण्याच्या थोडं आधीचं फळ त्याला अधिक चांगलं. गुरुजींनी हे कुठे तरी वाचलं आणि ‘अधिक’ हा शब्द मनावर घेतला. त्यांची जेली बाटलीत इतकी चोख धरली की चमचा आत गेला तो बाहेर येईना. बाटली उलटी करून दाखवायचे. थेंब हलायचा नाही. गल्लीतल्या पोरांनी त्या प्रयोगाला टाळ्या वाजवल्या. चव कोणाला कळली नाही, कारण चमच्याने कोणालाही ती सोडवता आली नाही. रंग मात्र जांभळट-लालसर, फार देखणा.

औषधी बाजूचे लोक वेगळेच. आमच्या भजनी मंडळातल्या एका बुवांचा आवाज गेली कित्येक वर्षं लागत नाही, आणि त्याचं खापर ते आमच्या झाडावर फोडतात. कच्चं कवठ घशाला वाईट, हे चरकाने सांगितलं आहे, हे खरं. लहानपणी तुमच्याकडचं कच्चं कवठ मिठाबरोबर खाल्लं, तेव्हापासून वरचा षड्ज गेला, असं ते हार्मोनियमवर बोट ठेवून सांगतात. खालचा कधी होता, हे विचारण्याची मंडळात कोणाची हिंमत नाही. पोट बिघडल्यावर मात्र हेच बुवा वैद्यांकडून कपित्थाष्टक चूर्ण आणतात, त्यात आठ हिस्से कवठच असतं. झाडाला त्याबद्दल शब्दाने धन्यवाद दिल्याचं ऐकिवात नाही.

आणि मग माघ वद्य त्रयोदशी उजाडते, महाशिवरात्रीचा आदला दिवस. शिवरात्रीच्या उपासाला कवठ लागतं. एरवी ज्याच्याकडे कोणी बघत नाही ते फळ त्या दिवशी टोपलीतून टोपलीखाली जातं. बाई चढा भाव सांगतात आणि वर हसतात. सकाळी सातला माझा फोन वाजतो. “साहेब, झोपले व्हते काय?” साहेब! वर्षभर ‘दगडी फळवाले’ म्हणणारा हाच आवाज. नऊपर्यंत अंगणात पिशव्या घेतलेली माणसं. अनुदान विचारणारा येतो. भांडणांचं भाकीत करणारा येतो आणि वहिनींना नमस्कार सांगतो. सोयाबीनचा हिशेब मांडणारा मित्र मोटारसायकलवर पोराला पुढे बसवून येतो. भजनी बुवाही येतात. उपासाला पिकलेलं चालतं, घशाचा प्रश्न फक्त कच्च्याचा, असं स्वतःच सांगतात.

सगळ्यांना पिकलेलंच हवं असतं. त्यामुळे दिवसभर आमच्या शहाबादी फरशीवर परीक्षा चालू. टण्ण. टण्ण. थप्प. टण्ण. एखादं थप्प झालं की दोघांचे हात एकदम खाली. मध्येच वाद निघतो की उपासाला जिरं चालतं का. एक म्हणतो चालतं, दुसरा म्हणतो आमच्याकडे चालत नाही, तिसरा म्हणतो तिखट चालत असेल तर जिऱ्याने काय पाप केलं. आई आतून निर्णय देते, बायको त्यावर अपील करते. आकडी घेऊन मी झाडाखाली उभा, काटे हातात, डोक्यावर टोपली उलटी, आणि खालून माणसं दिशा सांगतायत: “डावीकडचं, साहेब. नाही नाही, त्याच्या वरचं. ते नाही हो.”

संध्याकाळी धुऱ्यावरचे भाऊही आले. संत्र्याला काय धाड भरली होती असं विचारणारे तेच. खांद्यावरचा दुपट्टा झटकला, फरशीवर बसले, निवांतपणे दोन फळं निवडली. आपटून पाहिली नाहीत. “तुमी देता मंजे पाहाचं काय,” असं म्हणाले. मला भरून आलं. मी त्यांना वरून आणखी एक दिलं. बांधावरच्या माझ्या झाडाचीही त्यांनी चौकशी केली आणि ‘येते बाप्पा, येते, झाडच हाये ते’ असं आश्वासन देऊन गेले.

रात्री टोपली पाहिली तर तळाशी तीन उरली होती. तिन्ही आपटली. टण्ण, टण्ण, टण्ण. आमच्याच घरी उपासाला कवठ नाही. शेवटी बायकोने कपाटातला वाडीचा डबा काढला, आणि कवठाचं झाड दारात असलेल्या घराने शिवरात्रीचा उपास सांगलीच्या बर्फीवर केला. त्या बर्फीवर सासूबाईंची वर्षभर पुरेल एवढी करमणूक झाली असणार; बायकोने फोन लावलाच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला कडी वाजली. दारात धुऱ्यावरचे भाऊ. अंघोळ केलेली, कपाळावर भस्म, हातात माझंच एक कवठ.

“हे टण्ण निघालं.”

“मग?”

“मग काय, बदलून द्या न.”

“भाऊ, फुकट नेलं होतं.”

“फुकट त फुकट, पर बदलून त द्या,” त्यांनी फळ माझ्या हातात ठेवलं आणि माझ्या खांद्यावरून मागच्या अंगणात डोकावले. “आन् बेलाचं झाड नाही लावलं काय तुमी? आज त्याची पानं पाह्यजे व्हती. तेबी लवकर लावाचं असते.”